कृत्रिम अक्कलखातं

परवा मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धीला मी एक सोपा प्रश्न विचारला : "कोयता म्हणजे काय?" उत्तर यायला दोन सेकंदही लागले नाहीत. कोयता हे लोखंडी पात्याचं आणि लाकडी मुठीचं अवजार असून ते ऊस, नारळ, झाडाच्या फांद्या वगैरे तोडण्यासाठी वापरतात, असं तिनं सांगितलं. पुढं धार लावताना घ्यायची काळजी सांगितली आणि शेवटी, आपल्याला कोयता विकत घ्यायचा आहे का, अशी अदबीनं विचारपूसही केली. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. फक्त वडवणीच्या स्टँडवर ते कुणी ऐकलं असतं, तर या बुद्धीला पहिलीतून परत बालवाडीत पाठवलं असतं.

वडवणीत कोयता म्हणजे नवरा-बायको. एक जोडपं, एक कोयता. "यंदा किती कोयते धरले?" या प्रश्नाचं उत्तर "बारा कोयते आन् एक अर्धा" असं येतं. अर्धा कोयता म्हणजे मोडकं पातं नव्हे, तर एकटा माणूस. कुणाची बायको बाळंतीण असते, कुणाची वारलेली असते, कुणाचं लग्नच झालेलं नसतं. आता सप्तपदीचा अर्थ शास्त्रीबुवा काहीही लावोत, विवाहसंस्थेला एवढं रोखठोक आर्थिक स्थान जगातल्या कुठल्याही अर्थशास्त्रज्ञानं दिलेलं माझ्या वाचनात नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात श्रमाचं एकक म्हणून एकटा मजूर उभा असतो, बिचारा. आमच्याकडे त्याच्या शेजारी मोळी बांधायला आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायला त्याची बायको उभी आहे, आणि तिच्याशिवाय तो हिशेबात निम्मा धरला जातो. मोठमोठ्या सभांतून स्त्री-पुरुष समानतेवर जे साधलं नाही ते इथं मुकादमाच्या वहीत साधलं आहे, असं वाटून मला क्षणभर भरून आलं होतं. पुढं वही उघडून पाहिल्यावर ते ओसरलं, पण ते मागाहून.

वडवणी हे बीडहून परळीला जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. बालाघाटाच्या डोंगराच्या आधारानं वसलेला हा सगळा मुलूख. पाऊस इथं नव्या जावयासारखा येतो : उशिरा येणार, आला की एकदम सगळ्यांची धावपळ उडवणार, आणि नीट बोलणं होण्याआधी निघून जाणार. खरीप घरात आलं, दसरा-दिवाळी झाली (कधी कधी दिवाळी न होताच), की ट्रक आणि ट्रॅक्टर दारापुढं उभे राहतात. भांडी, पत्रे, पोरं, शेळी, कोंबड्या, सगळं त्यात चढतं. तेलगावचा साखर कारखाना खरं म्हणजे अगदी जवळचा. पण बरेच ट्रक त्याला नमस्कार करून पश्चिमेकडे वळतात : बारामती, इंदापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, आणि तिथून पुढं कर्नाटकात. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात राहतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळेतली पोरं.

हे असं कधीपासून? लोक म्हणतात 72 च्या दुष्काळापासून. त्या दुष्काळानं ओघ वाढवला हे खरंच. पण मला विचाराल तर गोष्ट आणखी मागं जाते. या बालाघाटाच्या वाटांवरून एकेकाळी लमाण-वंजाऱ्यांचे तांडे जात. मीठ, धान्य, कापूस बैलांच्या पाठीवर लादून. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला, त्यानं दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. वाटेत असा तांडा आडवा आला तर तो पुढं सरकेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे म्हणे. (आजच्या वाहतूक कोंडीबद्दल तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) मोगलांच्या फौजा यांच्याच धान्यावर जगल्या आणि 1803 च्या लढाईत वेलस्लीच्या फौजेलाही धान्य पुरवलं ते अशाच तांड्यांनी. मग 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली. ती काही बीडला आली नाही, पण बीडच्या बैलांचा धंदा तिनं तिकडूनच खाल्ला. यंत्र घरी न येताही घरचं काम घेऊन जाऊ शकतं, हा धडा या डोंगरानं दीडशे वर्षांपूर्वी गिरवला आहे. आणि आगगाडीच्या येण्याचं म्हणाल तर अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला 1995 मध्ये आणि गाडी बीडपर्यंत आली 17 सप्टेंबर 2025 ला. पुढची वाट वडवणीवरून परळीला जाते. नुकसान आधी पोचतं, फायदा मागून पॅसेंजरनं येतो.

तांड्यांचा धंदा गेला, पण चालण्याची सवय राहिली. सवय ही चीज अर्थशास्त्रात मोजत नाहीत, कारण तिला मापच नाही. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याच्या पाठीशी उभा राहिला, आणि मग पश्चिम महाराष्ट्रात धुराड्यांची रांगच लागली. धुराड्यांना ऊस हवा, उसाला पाणी हवं, ते तिकडं मिळालं. तोडायला माणसं हवीत, ती जिथं पाणी नव्हतं तिथं मिळाली. सहकाराच्या योजनेत शेतकरी सभासद होता, त्याला मत होतं आणि शेअर होता. तोडणाऱ्याचं काय करायचं हे त्या उत्तम आराखड्यात कुठं बसलं नाही. मग आराखड्यात जे बसत नाही ते ज्याच्या वहीत बसतं, तो गृहस्थ पुढं आला. मुकादम.

मुकादमावर शिव्यांचा पाऊस पाडणं सोपं आहे आणि त्यातला बराचसा त्याला लागूही पडतो. पण त्याची अक्कल एकदा नीट बघण्यासारखी आहे. माझ्या परिचयाचे एक मुकादम आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. श्रावण-भाद्रपदात आबा कोयत्यांना उचल वाटतात. उचल म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, आणि जोडप्यामागं ती अलीकडे लाखाच्या घरात जाते. तारण काही नाही. आता असा विचार करा, की बँकेत तुम्ही-आम्ही लाखभर रुपये मागायला गेलो तर सिबिल नावाची संस्था (स्थापना 2000) आपल्या जन्माची कुंडली मांडते, आणि तीन वर्षांपूर्वी एक हप्ता आठ दिवस उशिरा भरला होता हे वाचून दाखवते. आबांकडे हे काही नाही. आबा दारात उभे राहून चहा पितात. तेवढ्यात त्यांनी दावणीला जनावर आहे का, पोरांना सांभाळायला म्हातारी आहे का, पोरीचं लग्न निघालंय का, मागल्या साली उचल फिटली का, आणि मुख्य म्हणजे सोयरा कोण आहे हे पाहिलेलं असतं.

"सोयऱ्याचं काय?" मी विचारलं.

"गुरुजी, पैशाला पळून जाता येतं. सोयऱ्याला कुठं पळता येतं? त्याच्या पोरीच्या लग्नात जावंच लागतंय की. तितं गाठ पडती."

हे वाक्य ऐकून मला कुठल्याही बँकेच्या कर्जविभागाची कीव आली. लग्नसराई ही आबांची वसुली-यंत्रणा आहे! तरीही दरसाल एखादा कोयता दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच्या ट्रकमध्ये बसतो. असे पैसे आबा कुठं दाखवतात, असं विचारल्यावर ते म्हणाले, "अक्कलखाती." वहीत खरोखरच त्या नावाचं पान आहे. कृत्रिम बुद्धीला शिकवायचं तर तिला लाखो चुकलेली-बरोबर आलेली उदाहरणं दाखवावी लागतात असं ऐकतो. आबांनी वीस वर्षं एका पानावर तेच केलं आहे, फक्त त्याला वीज लागली नाही.

आणि मजुराला हिशेब कळत नाही हा शहरी समजही काढून टाकावा. हा निजामाचा मुलूख होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे त्रैराशिक इथल्या बाजारातली अडाणी म्हातारी मिरच्या तोलता तोलता करीत असे. तिची नात आज टन, त्यावरची मजुरी, मुकादमाचं कमिशन, काट्यावरची मारामारी आणि संध्याकाळी विकलेले वाढे यांचा हिशेब तोंडी सांगते. जानेवारी 2024 मध्ये लवादानं मजुरीत 34 टक्के वाढ केली, तेव्हा जोडीला दिवसाचे किती जास्त पडतील हे फडातल्या बायकांनी कारखान्याच्या कारकुनाआधी काढलं होतं, असं आबाच सांगतात. हिशेब कळतो. वही दुसऱ्याच्या हातात असते, एवढंच.

त्या वहीत एक शब्द आहे, खाडा. खाडा म्हणजे कामाला न येणं. नोकरदाराच्या भाषेत रजा, पण आपली रजा पगारी असते आणि खाडा दंडाचा. एक दिवस पडून राहिलं तर मजुरी जातेच, वर पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात. आणि कोयता जोडीचा असल्यामुळे एक आजारी पडला की दोघांचं काम बसतं. फडावर संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पहाटे उठून रात्रीपर्यंत मोळ्या वाहायच्या, आणि महिन्याचे ते चार दिवस बाईच्या शरीराला काही मुकादमाला विचारून येत नाहीत. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचा आकडा आला. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. देशातलं प्रमाण शेकडा तीनच्या आसपास असताना इथं शेकडा सोळा-सतरा. या आकड्यावर मला विनोद करता येत नाही. एवढंच सांगतो, की असं करा म्हणून कुणीही लेखी हुकूम काढला नव्हता. कारखान्यानं काढला नव्हता, मुकादमानं काढला नव्हता. खाड्याचा रिवाज होता, कर्ज होतं, आणि ऑपरेशन करून टाकणारे दवाखाने होते. तिन्ही मिळून आपोआप उत्तर निघालं. मशीन स्वतःच्या डोक्यानं भलतं ठरवील अशी आज ज्यांना भीती वाटते, त्यांनी माणसांच्या रिवाजाला हे आधीपासून जमतं हेही लक्षात ठेवावं.

आता खरी कृत्रिम बुद्धी. ती उसात शिरली आहे, आणि आमच्या मराठी मुलखातच शिरली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांना बरोबर घेऊन 2024 मध्ये सुमारे हजार शेतकऱ्यांच्या उसावर प्रयोग सुरू केला. जमिनीत सेन्सर, डोक्यावर उपग्रह, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप : आज पाणी द्या, इतकंच द्या, अमुक खत टाका. फेब्रुवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी या उसाचं कौतुक जगाला सांगितलं आणि त्यावर इलॉन मस्क यांनी मान डोलावली. बारामतीच्या उसाला एवढं भाग्य साखरेच्या भावानंही कधी दिलं नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारनं शेतीतल्या कृत्रिम बुद्धीचं धोरण मंजूर केलं, पाचशे कोटी रुपयांचं. पाणी वाचतं, खत वाचतं, उतारा वाढतो, यात वाईट काहीच नाही. पाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातला माणूस तर त्या सेन्सरला हार घालील.

पण ऊस वाढवणं निराळं आणि ऊस तुटणं निराळं. कोणत्या रानात साखर भरली आहे, कोणता फड आधी तोडला तर उतारा चांगला मिळेल, हे बुद्धी आता आकाशातून सांगू शकते. हे मी आबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"ती सांगंल, या गटातला ऊस पिकलाय. पर चेअरमनचा मेव्हणा कोन्त्या गटात हाय, ते तिला कोन सांगणार?"

आकाशातून नाती दिसत नाहीत, हा उपग्रहाचा मोठाच दोष आहे. कारखान्याकडे उसाची नोंद असते, नोंदीप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम असतो, आणि तो कार्यक्रम घेऊन शेतावर येतो तो स्लिपबॉय. हा बॉय पन्नाशीचा असला तरी बॉयच. त्याच्या मर्जीनं टोळी तुमच्या रानात आधी येते किंवा नंतर. टोळी आली की खुशाली मागते, ट्रकवाला एंट्री मागतो, आणि शेतकरी चरफडत देतो, कारण उभा ऊस वाळला तर वजन जातं. खुशाली हा शब्द ज्यानं शोधला त्याला भाषेचा पुरस्कार द्यायला हवा, देणारा खुश नसताना इतका गोड शब्द! आता संगणक म्हणतो तारीख 12 आणि टोळी म्हणते खुशाली, तर तोडणी कधी होते? मला वाटतं बुद्धीनं खुशालीचा रकाना वाढवावा. मग तिची भाकितं बरीच अचूक येतील.

आपण हसतो, पण हे फक्त आपल्याकडचं नाही. एडिसननं न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं 1882 मध्ये. अमेरिकन कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसला तो 1920 च्या दशकात. चाळीस वर्षं वीज काय करत होती? पॉल डेव्हिड नावाच्या अर्थइतिहासकारानं 1990 मध्ये याचा छडा लावला. जुन्या कारखान्यात एकच वाफेचं इंजिन असे, त्याला लांबलचक दांडा, आणि दांड्यावरून पट्टे टाकून सगळी यंत्रं फिरत. मालकांनी काय केलं, इंजिन काढून तिथं मोठी मोटर बसवली आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. दांडा तोच, पट्टे तेच, इमारत तीच. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर द्यायची आणि इमारतच नव्यानं बांधायची हे सुचायला पिढी बदलावी लागली.

आमच्या उसातला दांडा म्हणजे सरी. जुनी सरी तीन-साडेतीन फुटांची. ऊसतोडणीच्या यंत्राला, म्हणजे हार्वेस्टरला, साडेचार-पाच फूट लागते. रान अनुकूल असलं तर ते यंत्र दिवसाला शंभराहून अधिक टन ऊस तोडतं, जोडी साधारण दोन टन तोडते. हे गणित ऐकून वाटतं, खेळ खलास. पण यंत्र कोटीच्या आसपास किमतीचं, आणि रान वीस गुंठ्यांचं. मध्ये बांध, बांधावर बाभळ, बाभळीवरून कोर्टात दावा. हार्वेस्टरला वळायला जागा लागते आणि भावकीत कुणी वळायला जागा ठेवलेली नसते. चार भावांनी एकत्र येऊन बांध काढले तर यंत्र येईल, असं अधिकारी समजावतात. आता यंत्र आणणं सोपं की चार भाऊ एकत्र आणणं, हे ज्यानं वाटणीचा कागद पाहिला आहे त्याला विचारा. ऑस्ट्रेलियात 1970 चं दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळा ऊस यंत्रानं तुटू लागला होता, कारण तिथं माणसं महाग होती आणि रानं मोठी. आपल्याकडे उलट. यंत्र स्वस्त झाल्यानं येत नाही, माणूस महाग झाला म्हणजे येतं. आणि वडवणीचा माणूस महाग होऊ नये याची व्यवस्था पावसानं आणि उचलीनं मिळून चोख ठेवली आहे.

शिवाय वाढ्यांची भानगड आहे. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणाऱ्या जोडीचा त्यावर रिवाजानं हक्क. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी बायका वाढ्यांच्या पेंढ्या बांधतात आणि गावात विकतात. मीठ-मिरची, तेल, पोराच्या औषधाची बाटली त्यातून येते. गावातली गाय ते खाते आणि दूध देते, ते डेअरीत जातं. हार्वेस्टर शेंडा छाटून, तुकडे करून रानात उधळतो. शेताला ते खत म्हणून चांगलं, असंही कृषितज्ज्ञ सांगतात आणि ते खरंच आहे. पण दर टनाचा खर्च काढणाऱ्या तक्त्यात वाढ्याची पेंढी मी कुठंही पाहिली नाही, आणि जे तक्त्यात नाही ते बुद्धीला शिकवणार कोण?

तरी यंत्र येतं आहे, यात शंका नाही. 2023 मध्ये सरकारनं नऊशे हार्वेस्टरसाठी अनुदान काढलं, किमतीच्या चाळीस टक्के किंवा पस्तीस लाख, यांत जे कमी असेल ते. पोरं फडावर जायला नको म्हणतात, आणि ते योग्यच आहे. शिकलेल्या पोरानं बापाचा कोयता हातात घ्यावा असं म्हणण्याइतकी संस्कृती कुणी जपू नये. गेल्या खेपेला भेटलो तेव्हा आबांच्याही डोक्यात हार्वेस्टर घोळत होता. दोन भाऊबंद आणि एक सोयरा मिळून घ्यायचा, असा बेत. सोयरा होताच, म्हणजे वसुलीची काळजी मिटली.

"ड्रायव्हर कुठून आणणार?" मी विचारलं.

"आपल्याच टोळीतला एक पोरगा हाय. शिकवलाय. पर त्योबी उचल मागतोय!"

"आणि त्याची बायको?"

आबांनी वही उघडली. त्या पोराच्या नावापुढं एक कोयता असं लिहिलेलं होतं. बायकोचं नाव पानावर कुठंच नव्हतं. पोराचं नाव, त्याच्यापुढं '1', त्याच्यापुढं रक्कम. ही वही मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. आबांनी खिशातून पेन काढून त्या '1' चा अर्धा केला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

"वाढे बांधायला तरी नेली असती तिला," ते म्हणाले, "पर त्ये यंत्र वाढे ठेवतंय कुठं?"